मांजर घर धरते

कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला, असे जुनी माणसे सांगत आली. बिऱ्हाड हलले की कुत्रा बैलगाडीच्या मागे जिभल्या काढीत धावत येई, आणि मांजर मात्र रिकाम्या घराच्या उंबऱ्यावर बसून गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहत राही, असे काहीसे चित्र या म्हणण्यामागे आहे. त्यात मांजरीच्या बेइमानीवर एक ठपकाही दडलेला आहे. आम्हांस तो ठपका कधी पटला नाही. ज्या प्राण्याला आपण दुधाची वाटी देतो पण दावे लावीत नाही, त्याने कोणाशी इमान राखावे हे ठरविण्याचा अधिकार त्याचाच असावा. शिवाय घराशी इमान ही काही लहान गोष्ट नव्हे. माणसांत तरी ती कितीजणांस साधते?

आम्ही उभयता तीसेक वर्षांहून अधिक काळ वाडीत राहत आहोत. वसईकडच्या वाचकांना वाडी म्हटले की केळीची बाग, विहिरीवरचा रहाट आणि पानवेलींचा गारवा आठवेल. ही वाडी तशी नव्हे. नागपूर शहर पश्चिमेला अमरावती रस्त्यावर संपले असे वाटते आणि तरी संपत नाही, तेथे ही वाडी आहे. एका अंगाला १९६६ साली उभी राहिलेली अंबाझरीची आयुध निर्माणी आणि तिची क्वार्टर्स, दुसऱ्या अंगाला ट्रान्सपोर्ट कंपन्यांची गोदामे. मधून जो महामार्ग जातो तो पूर्वी सहा नंबरचा होता, आता त्रेपन्न नंबरचा झाला. पश्चिमेस तो सुरतेकडे जातो, पूर्वेस रायपुराकडे. ट्रकांची वर्दळ अहोरात्र. झाडांच्या पानांवर धुळीचा थर पावसाळा येईतो तसाच असतो. अस्सल वाडीचाच म्हणावा असा माणूस येथे शोधूनच काढावा लागतो. केरळ, ओडिशा, छत्तीसगड, बालाघाट, गोंदिया, कोकण अशा नाना मुलुखांतून नोकरीच्या दोराने ओढली गेलेली ही माणसे. रविवारी मिस्सा संपल्यावर प्रांगणात चार-पाच भाषा एकदम कानांवर येतात.

अशा गावात मांजर आणि घर यांच्या नात्याची परीक्षा वारंवार होते. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वीस-पंचवीस वर्षे संसार होतो, मुले तेथेच वाढतात, परसात पेरू-सीताफळ लागते आणि एके दिवशी निवृत्तीचा कागद येतो. ठरलेल्या मुदतीत क्वार्टर रिकामे करून द्यावे लागते. सामानाचा ट्रक दारात उभा राहतो, आणि नेमक्या त्याच वेळी मांजर सापडत नाही. तिला गडबड कळते, अनोळखी हमालांचा वास येतो. ती कौलांवर किंवा नालीत दडून बसते. गाडी कोणासाठी थांबते? मुले रडतात, मोठी माणसे शेजाऱ्यांना सांगून ठेवतात आणि ट्रक निघून जातो. आठवड्या-पंधरवड्याने नवे बिऱ्हाड येते. पंखे किती, दिवे किती, नळ किती, अशी यादी त्यांना सही करून घ्यावी लागते. त्या यादीत मांजरीची नोंद नसते, इतकेच.

आमच्या मनीचेही हेच झाले, पण थोडे निराळे. २०१६ साली आम्ही क्वार्टर सोडून दत्तवाडीतील आमच्या लहानशा घरात आलो. अंतर दोन किलोमीटरही नसेल. मनीला आम्ही झाकण बांधलेल्या टोपलीतून आणले. चौथ्या दिवशी ती गेली. दुसऱ्या सकाळी जुन्या क्वार्टरमधील नव्या बिऱ्हाडाच्या बाईंचा फोन आला, की एक करडी मांजर स्वयंपाकघराच्या खिडकीत बसली आहे आणि हलायला तयार नाही. आम्ही तिला आणले. ती पुन्हा गेली. पुन्हा आणले. तिसऱ्या खेपेस त्या ओडिया बाईंनीच आमच्या घरातील मंडळींस शहाणपणाची गोष्ट सांगितली : एका खोलीत दोन-तीन आठवडे कोंडा, तिची जुनी गोणपाटाची घडी तिला द्या, वेळच्या वेळी खाऊ घाला, मगच दार उघडा. तसे केले आणि मनी नव्या घराला लागली. पशुवैद्यही आज हाच सल्ला देतात. मांजर घर धरते ते भिंतींसाठी नव्हे. त्या जागेचे वास, आवाज, पळण्याच्या वाटा आणि लपण्याच्या जागा यांचा जो नकाशा तिने मनात बांधलेला असतो, त्यासाठी. दुसरा नकाशा बांधायला तिला अवधी द्यावा लागतो.

मांजरीण आपली पिल्ले सात घरे फिरवते, असेही आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा कोणी मोजला असेल असे वाटत नाही. पण पिल्ले एकेक करून मानेला धरून हलवताना तिला पाहिलेल्या कोणालाही त्यातील तथ्य कळते. एका पिल्लाला नव्या जागी ठेवून ती दुसऱ्यासाठी परतते तेव्हा तिचे पाऊल चुकत नाही.

आणि तरीही नको झालेली मांजर पोत्यात घालून दूर सोडून येण्याचा उद्योग गावोगाव चालत आलेला आहे. पोत्याचे तोंड बांधायचे, दिशा कळू नये म्हणून वाटेत ते दोन-चार वेळा गरगर फिरवायचे, नदी ओलांडायची आणि पलीकडे सोडून मागे न पाहता परतायचे. पुष्कळदा सोडणाऱ्याच्या मागोमाग चार दिवसांत मांजर ओसरीवर हजर होते आणि काही घडलेच नाही अशा थाटात पंजे चाटत बसते. १९२२ साली फ्रान्सिस हेरिक या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने या गोष्टीचा शास्त्रीय पद्धतीने शोध घेतला. पिल्लांपासून तोडून काही मैल दूर नेलेली मांजर पुन्हा पिल्लांकडे परतते, हे त्याने दाखवून दिले. पुढे १९५४ साली जर्मनीत प्रेख्त आणि लिंडेनलाउब या दोघांनी मांजरींना बंद करून वळणावळणांच्या वाटेने नेले आणि अनेक तोंडे असलेल्या एका भुलभुलैयात सोडले. बऱ्याच मांजरींनी घराच्या दिशेचे तोंड निवडले. घर पाच किलोमीटरच्या आत असले तर ही निवड अधिक खात्रीची ठरे. हे त्यांना कसे साधते, याचे पक्के उत्तर आजही मिळालेले नाही. नाक आणि कान यांचा वाटा मोठा असणार. पृथ्वीच्या चुंबकत्वाची जाण असावी असाही तर्क केला जातो, पण तो तर्कच आहे.

हा पोत्याचा उपाय आपल्या महाराष्ट्राने एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे, तोही मांजरीच्या थोरल्या भावंडावर. जुन्नर परिसरातील उसाच्या शेतांत बिबटे वाढले आणि माणसांस त्रास होऊ लागला, तेव्हा २००१ ते २००३ या काळात पिंजऱ्यांत सापडलेले २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटर दूर जंगलात नेऊन सोडण्यात आले. हेतू वाईट नव्हता. परिणाम मात्र उलटा झाला. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकरणाचा जो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला, त्यानुसार त्याआधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत, ते नंतर सतरांवर गेले. उसात जन्मलेल्या, उसातच वाढलेल्या जनावराला उचलून परमुलखात टाकले, तर ते तेथे गुण्यागोविंदाने नांदेल असे मानणे हा माणसाच्या सोयीचा विचार होता. जनावराच्या मनात नकाशा असतो हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

याच अभ्यासाच्या ओघात 'आजोबा'ची कथा घडली. वसईच्या वाचकांस ती ठाऊक असेल. न जाणो, त्यांच्यापैकी एखाद्याच्या कुंपणाबाहेरून तो गेलाही असेल. २००९ सालच्या उन्हाळ्यात तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वरजवळ एक वयस्क नर बिबट्या विहिरीत पडला. वर काढल्यावर त्याचा शांत स्वभाव पाहून त्याला आजोबा हे नाव पडले. गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. तेथून हा म्हातारा निघाला तो साधारण महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याकडचा लोहमार्ग ओलांडला, वसईच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूने तो गेला. एवढ्या वस्तीतून जाताना त्याने कोणा माणसाच्या अंगाला नख लावले नाही. त्याची चाल भटक्याची नव्हती, ठिकाण ठाऊक असलेल्या वाटसरूची होती. म्हणून तो आपल्या मूळ मुलखाकडेच परतत असावा असा कयास केला गेला. २०११ सालच्या डिसेंबरात मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. पट्टा केव्हाच बंद पडला होता. कातडीखालच्या बारीक चिपवरून त्याची ओळख पटली. त्याच्यावर २०१४ साली 'आजोबा' नावाचा मराठी चित्रपटही निघाला. आम्हांस मात्र चित्रपटापेक्षा ती चिपच अधिक आठवते. डांबरी रस्त्यावर मेलेल्या शेकडो अनामिक जनावरांत त्याला नाव परत मिळाले, ते तिच्यामुळे.

तशाच चिपने एका घरगुती मांजरीचीही ओळख पटली होती. २०१२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, डेटोना बीच येथे सहलीच्या गाडीतून 'हॉली' नावाची चार वर्षांची मांजर बाहेर पळाली. मालकांनी अनेक दिवस शोधले आणि जड मनाने ते घरी परतले. त्या वर्षाच्या अखेरच्या रात्री त्यांच्या वेस्ट पाम बीच गावात, घरापासून साधारण एका मैलावर एका बाईंना ती अडखळत चालताना आढळली. हे अंतर दोनशे मैलांचे, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरांचे. तिचे वजन निम्म्यावर आले होते, पंजे रक्ताळलेले होते. तज्ज्ञ आजही म्हणतात की इतक्या दूरचे घर ती कशी शोधू शकली याचे स्पष्टीकरण त्यांच्यापाशी नाही. ती चालत आली याविषयी तिचे पंजे मात्र निःसंदिग्ध साक्ष देत होते.

अशा कथा वृत्तपत्रांत छापल्या जातात आणि त्यातून एक घोटाळा होतो. मांजर हरवली की माणसे क्षितिजाकडे पाहू लागतात. ती केवढी दूर गेली असेल या कल्पनेने हातपाय गाळतात. किंवा 'ती येईल आपली आपण' असे म्हणून स्वस्थ बसतात. वस्तुस्थिती निराळी आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी हरवलेल्या बाराशेहून अधिक मांजरींची माहिती गोळा करून २०१८ साली प्रसिद्ध केली. त्यांतील एकसष्ट टक्के मांजरी वर्षभरात जिवंत सापडल्या, सुमारे एकतृतीयांश पहिल्या सात दिवसांतच. आणि पाऊणशे टक्के मांजरी जेथून निसटल्या तेथून पाचशे मीटरांच्या आतच होत्या. म्हणजे बहुतेकदा ती शेजाऱ्याच्या जिन्याखाली असते, मीटरच्या खोलीत असते, बंद गोदामाच्या शटरआड असते. आपण तिच्या नावाने ओरडत दोन हातांवरून जातो, आणि ती ओ देत नाही. घाबरलेली मांजर धन्याच्या हाकेलाही आवाज देत नाही. म्हणून शोधायचे ते रात्री, वर्दळ थांबल्यावर. टॉर्च जमिनीलगत फिरवावा, डोळे चमकतात. शेजाऱ्यांस 'दिसली का?' एवढेच विचारून भागत नाही. त्यांच्या अडगळीचे दार त्यांच्यासमक्ष उघडून पाहावे लागते. नव्वद दिवसांनंतर जिवंत सापडणाऱ्या मांजरी फार थोड्या, असेही त्याच अभ्यासात आहे. ते वाक्य आम्ही घरात मोठ्याने वाचले नव्हते.

कारण आमची मनी तोवर गेलेली होती. २०२२ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या दणक्याने ती खिडकीतून गेली. आम्ही प्रथम जुने क्वार्टर गाठले. ओडिया बाई स्वतः कंदील-दिवे बाजूला सारून परसात टॉर्च घेऊन फिरल्या. ती तेथे नव्हती. मग गल्लीतील प्रत्येक घर, प्रत्येक टाकी, नाल्यावरचा पूल. आमच्या घरातून संत अंतोनीकडे मागणे गेले, तेही नेमाने. समोरच्या काकूंनी धीर दिला, "काळजी नका करू जी भाऊ, मांजर दूर नाही जात. भूक लागली का येते ना बापा." आठवडा गेला, महिना गेला. नाताळच्या गोठ्यात दरवर्षी मेंढरांच्या रांगेत जाऊन झोपणारी मनी यंदा नाही, हे घरात कोणी बोलले नाही. फक्त गवत त्या वर्षी जसेच्या तसे राहिले. हरवलेल्या मेंढराचा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यात मेंढपाळ रानात जातो आणि मेंढराला खांद्यावर घालून आणतो. मांजरीच्या बाबतीत खांदा देऊ करावा तर ती नख लावते. पण जाण्याचे काम काही त्यामुळे टळत नाही.

त्या हिवाळ्यात आम्हांस एक परदेशी हकीकत वारंवार आठवे. इराकमधील मोसुलचे एक कुटुंब २०१५ साली युद्धातून जीव घेऊन निघाले. टोपलीत त्यांची पांढरी मांजर होती, कुंकुश तिचे नाव. खरे तर तो बोका. समुद्र ओलांडून रबरी होडीतून ग्रीसच्या लेस्बोस बेटावर उतरताना टोपली फुटली आणि तो भेदरून पळाला. कुटुंबाने शोधले, पण निर्वासितांस कोठे थांबता येते? ती नॉर्वेला पोहोचली. बेटावरील स्वयंसेवकांना नंतर तो मळलेला, बारीक झालेला बोका आढळला. त्यांनी त्याला न्हाऊ घातले, त्याचे घर शोधण्यासाठी जगभर छायाचित्रे पाठविली, बर्लिनमध्ये एका घरी त्याला सांभाळले, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत नॉर्वेत नेऊन त्या कुटुंबाच्या हाती दिले. आपण जुने म्हणणे आठवून पाहावे : मांजर घर धरते. या बोक्याचे घर मोसुलात राहिले होते, आणि परतण्याजोगे उरले नव्हते. त्याला जे परत मिळाले ते माणसांचे हात होते. शिवाय परतलेल्या मांजरींच्या गोष्टीत परक्या माणसांचा केवढा वाटा असतो, हेही त्यात दिसते. हॉलीलाही वाटेत कोणी ओळखले नसते, थांबवले नसते, चिप पाहायला दवाखान्यात नेले नसते, तर तिचे दोनशे मैल कोणास कळले असते?

२०२३ साली विदर्भात पाऊस उशिरा आला, जूनच्या शेवटी. पहिल्या सरींच्या दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात ताटली सरकल्याचा आवाज झाला. मनी होती. आठ महिने झाले होते. ती हाडकुळी नव्हती, हे आमच्या प्रथम ध्यानात आले. अंगावर चिखल होता, एका पंजाला जखम होती, पण पोट भरलेल्या मांजरीची गोलाई अंगावर होती. आणि गळ्यात एक दोरी होती. गोदामांत पोती शिवण्यासाठी जी दोरी वापरतात तीच. ती सैल बांधलेली होती, गळ्याला आवळणार नाही अशी काळजीने गाठ दिलेली. गाठीला एक तुटकी कडी लोंबत होती, जिला काहीतरी अडकवलेले असावे.

आनंद झाला हे सांगायला नको. पण त्या दोरीने आमची झोप उडविली. आठ महिने जिला कोणीतरी खाऊ घातले, तिच्या गळ्यात मायेने काही बांधले, तो माणूस आज सकाळी काय करीत असेल? आपल्या घरी मांजर परत आली, तेव्हा दुसऱ्या कोणाची तरी हरवली, हे अशा कथांत कोणी लिहीत नाही. एक मत असे पडले की देवाने दिले ते मुकाट्याने घ्यावे. दुसरे मत असे, की आपण दिवाळीपासून नाताळापर्यंत जे भोगले ते दुसऱ्याला भोगू देऊ नये. मने दोन असली तरी पायतणे आम्ही दोघांनीही एकदमच घातली. सलग तीन रविवार, मिस्सा आटोपून, आम्ही महामार्गापलीकडची गोदामे पालथी घातली. मोबाइलवर मनीचे छायाचित्र होतेच. हमाल हसत. एका मुनीमाने तर मांजर हवी असेल तर चार देतो, घेऊन जा, असे सांगितले.

तिसऱ्या रविवारी, घरापासून तीनेक किलोमीटरांवर, एका धान्याच्या गोदामाच्या फाटकाशी पन्नाशीचा एक चौकीदार भेटला. गोंदियाकडचा. छायाचित्र पाहताच तो खुर्चीवरून उठला.

"काकाजी, कुठं सापडली तुम्हाले? माही रानी आहे ती."

त्याच्याकडून उरलेली कथा कळली. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी माल उतरवायला आलेल्या ट्रकच्या ताडपत्रीखालून ही मांजर उडी मारून पळाली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रात्री ट्रक उभे राहतात. फटाक्यांना भिऊन ती त्यातच शिरली असणार. दोन दिवस ती पोत्यांच्या थप्पीमागे होती. चौकीदाराने आपल्या डब्यातली भाकरी दुधात कुस्करून ठेवली. मग ती त्याच्या खाटेखाली झोपू लागली. उंदरांचा बंदोबस्त झाला म्हणून गोदामवालेही खूश. ट्रकच्या चाकाखाली येऊ नये, आवाजाने कळावी, म्हणून त्याने तिच्या गळ्यात घुंगरू बांधला होता. जूनमध्ये पऱ्हे टाकायला तो वीस दिवस गावी गेला. बदली माणसाला सांगून गेला होता. परतला तेव्हा खाटेखाली कोणी नव्हते. त्या बदली माणसाने सांगितले, की खाणे ठेवले होते, ती खात नव्हती. खाटेवर बसून फाटकाकडे पाहायची, आणि एका रात्री निघून गेली.

आठ महिने ती तेथे राहिली होती. आमचे घर तीन किलोमीटरांवर होते; हेरिकच्या, प्रेख्तच्या हिशेबाने तिला ते केव्हाही गाठता आले असते. ती निघाली ती तो माणूस दिसेनासा झाल्यावर. मग तिने धरले होते ते काय? या प्रश्नावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

चौकीदाराला आम्ही म्हटले, तुमची असेल तर घेऊन जा. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "रस्ता वाईट आहे काकाजी. एकडाव वलांडला तिनं. पुन्हा वलांडन, तं वाचन का?" महामार्गाकडे त्याने नुसता हात केला. "तुमच्या घरीच राहू द्या. म्या येत जाईन."

तो येतो. सुटीच्या दिवशी, सायकलवर, कधी सुक्या मासळीची पुडी घेऊन. पहिल्या वेळी मनी त्याच्या पायांशी गेली, डोके घासले, त्याच्या पिशवीत शिरून बसली, आणि अर्ध्या तासाने बाहेर येऊन आमच्या कपाटाखाली जाऊन झोपली. काकूंच्या हातचा चहा घेऊन तो गेला. नवा घुंगरू त्याने आणला होता, तो आम्ही तिच्या गळ्यात बांधला आहे. तो तिला रानी म्हणतो, आम्ही मनी. ती दोन्ही नावांकडे सारखेच दुर्लक्ष करते. ताटली वाजली की मात्र येते.